बातमीखालचे उत्तर नक्की कोणाला असते?

एक साधी बातमी कल्पून पाहू. नदीवरचा जुना पूल दुरुस्तीसाठी तीन महिने बंद राहणार असून वाहतूक दुसऱ्या पुलावरून वळवण्यात येणार आहे. एका वृत्तमाध्यमाने ती समाजमाध्यमावर टाकली आणि खाली उत्तरे येऊ लागली. पहिल्याने लिहिले, "वा, काय तत्पर कारभार आहे!" दुसऱ्याने विचारले, "आणि त्या अर्धवट पडलेल्या रुग्णालयाचे काय?" तिसऱ्याने फक्त हसणारा चेहरा टाकला. चौथ्याने ठामपणे सांगितले की पूल आता कायमचाच बंद होणार आहे, पण ही माहिती कोठून मिळाली ते सांगितले नाही. पाचव्याने विचारले की पूल किती दिवस बंद राहील, जे बातमीच्या पहिल्याच वाक्यात होते. सहाव्याने पुलाचे नावही न घेता ती बातमी देणाऱ्यांनाच विकाऊ ठरवले.

ओळखीच्या माणसाने समोर बसून हीच माहिती दिली असती, तर यांपैकी बहुतेक उत्तरे कोणी दिली नसती. या सहाही उत्तरांत संवादाचा कोणता ना कोणता नियम मोडलेला आहे, मात्र प्रत्येक ठिकाणी मोडलेला नियम तरी वेगळा आहे किंवा तो मोडण्याची तऱ्हा तरी वेगळी आहे. 'लोकांना बोलण्याची रीत राहिली नाही' असे म्हणून हा विषय संपवणे सोपे असते. पण त्या एका वाक्यात पहिल्या उत्तरातला उपरोध आणि चौथ्या उत्तरातली थाप एकाच मापाने मोजली जातात, आणि ती मोजणी चुकीची आहे.

संवादाच्या नियमांची सर्वांत परिचित मांडणी हर्बर्ट पॉल ग्राइस (१९१३–१९८८) या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी केली. १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांपैकी एक १९७५ मध्ये लेखरूपाने छापले गेले आणि बोलण्यातून अर्थ कसा निघतो याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी तो लेख पायाभूत ठरला. ग्राइस यांचे म्हणणे असे की बोलणारी माणसे, अगदी वाद घालत असली तरी, एका किमान पातळीवर एकमेकांना सहकार्य करत असतात. चाललेल्या बोलण्याला त्या क्षणी जशी भर घालण्याची गरज आहे, तशीच भर प्रत्येक जण घालील, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. या सहकार्य तत्त्वाखाली त्यांनी नियमांचे चार गट केले आणि त्यांची नावे तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांच्याकडून उसनी घेतली. प्रमाणाचा नियम सांगतो की गरजेइतकी माहिती द्यावी, कमी नको आणि जास्तही नको. सत्यतेचा नियम सांगतो की जे खोटे वाटते ते बोलू नये आणि ज्याला पुरेसा आधार नाही तेही बोलू नये. संबद्धतेचा नियम विषयाला धरून बोलायला सांगतो, तर रीतीचा नियम संदिग्धता आणि पाल्हाळ टाळून क्रमाने बोलायला सांगतो.

ही यादी वाचताना ती शाळेच्या फळ्यावरील सुविचारांसारखी वाटते, आणि पुष्कळांनी ती तशीच वाचलेली आहे. ग्राइस यांना मात्र चांगले कसे बोलावे हे शिकवायचे नव्हते. न बोललेला अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांना उलगडून दाखवायचे होते. त्यांचेच एक उदाहरण घेऊ. तत्त्वज्ञानाशी संबंधित नोकरीसाठी एका विद्यार्थ्याचे शिफारसपत्र लिहिताना प्राध्यापक एवढेच लिहितात की त्याचे भाषेवर उत्तम प्रभुत्व आहे आणि तासांना त्याची उपस्थिती नियमित होती. पत्रात एकही वाक्य खोटे नाही, पण जे सांगायला हवे होते ते सांगितलेले नाही, म्हणजे प्रमाणाचा नियम मोडला आहे. वाचणारा मात्र प्राध्यापकांनी सहकार्य सोडून दिले असे मानत नाही. तो विचार करतो की यांना विद्यार्थी माहीत आहे, पत्रात काय हवे असते हेही माहीत आहे, तरी ते लिहिले नाही, तेव्हा विद्यार्थी तत्त्वज्ञानात बेताचाच असणार. नियम पाळला जाईल अशी अपेक्षा पक्की असते, म्हणूनच तो मोडल्यावर अर्थ निघतो.

मराठी व्याकरणात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या (अनुक्रमे सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ देणाऱ्या) शब्दशक्ती शिकलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही तरी दिसेल. ध्वनित अर्थ ओळखायला 'सहृदय', म्हणजे जाणता आणि संवेदनशील, वाचक लागतो, असे आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. ग्राइस यांची मांडणी तर्काच्या अंगाने जाते आणि साहित्यशास्त्राची रसाच्या अंगाने, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असे म्हणता येणार नाही. तरीही ऐकणाऱ्याच्या सहभागाशिवाय सूचित अर्थ उभाच राहत नाही, एवढे दोघांनाही मान्य आहे. बातम्यांखालच्या उत्तरांचा विचार करताना हा मुद्दा जवळ ठेवणे आवश्यक आहे.

नियम न पाळण्याच्या चार तऱ्हा ग्राइस यांनी वेगळ्या केल्या. पहिली तऱ्हा गुपचूप उल्लंघनाची: समोरच्याला कळू न देता नियम मोडायचा, जसे खोटे बोलताना केले जाते. दुसरी अंग काढून घेण्याची: 'यावर मी काही बोलणार नाही' असे सांगून मोकळे व्हायचे. तिसरी नाइलाजाची: दोन नियमांची टक्कर होते आणि एक पाळण्यासाठी दुसरा सोडावा लागतो, जसे नेमके उत्तर माहीत नसताना खोटे बोलण्याऐवजी मोघम उत्तर देणे. चौथी तऱ्हा उघड उल्लंघनाची आहे, आणि ग्राइस यांचे खरे लक्ष तिच्यावर होते. इथे बोलणारा नियम मोडतो आणि तो मोडल्याचे समोरच्याला दिसावे अशीच त्याची इच्छा असते. वरचे शिफारसपत्र याच प्रकारचे आहे, आणि उपरोध, अतिशयोक्ती, टोमणा यांचीही जात हीच आहे.

आता पुलाच्या बातमीखालचे पहिले उत्तर पाहा. 'तत्पर कारभार' हे शब्द लिहिणाऱ्याला खरे वाटत नाहीत आणि ते खरे वाटत नाहीत हे वाचणाऱ्याला कळावे असे त्याला वाटते. सत्यतेचा नियम उघडपणे मोडला आहे, फसवणूक कोणाचीच झालेली नाही. चौथ्या उत्तरातही सत्यतेचाच नियम मोडला आहे, पण तिथे वाचणाऱ्याने विधान खरे मानावे अशी अपेक्षा आहे. वरून दोन्ही सारखीच, बातमीशी न जुळणारी विधाने दिसतात. फरक हेतूत आहे, आणि हेतू पडद्यावर दिसत नाही. समोरासमोर बोलताना स्वर, भुवया, थोडे थांबणे, पूर्वीची ओळख यांमुळे उपरोध उपरोध म्हणून पोहोचतो. लिखित उत्तरात यांतले काहीच नसते. २००५ साली एका ऑनलाइन चर्चेत नेथन पो यांनी नोंदवलेले निरीक्षण पुढे 'पोचा नियम' म्हणून प्रसिद्ध झाले: टोकाच्या मताची नक्कल करून केलेली थट्टा आणि ते मत खरोखर मांडणारे लिखाण यांत, थट्टा असल्याची स्पष्ट खूण नसेल तर, कोणी ना कोणी गल्लत करणारच. म्हणूनच लोक उपरोधानंतर डोळा मारणारा चेहरा जोडतात, जो स्वराच्या जागी आलेला असतो.

सत्यतेच्या नियमाचा दुसरा भाग, आधार नसलेले बोलू नये, हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बातमीखाली खोटे लिहिणाऱ्यांपैकी सगळेच ठरवून खोटे बोलत नाहीत. पुष्कळांना आपले विधान खरे आहे की खोटे याची फिकीरच नसते. ते विधान आपल्या रागाला किंवा भीतीला शोभते, एवढे त्यांना पुरते. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय आहे याचे भान ठेवावे लागते, याला तेही नको असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तीन संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या होत्या. खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी खालच्या उत्तरांतील भावनाही तपासल्या. खोट्या बातम्यांखालच्या उत्तरांत भीती, किळस आणि आश्चर्य यांचा सूर अधिक होता, तर खऱ्या बातम्यांखाली दुःख, आनंद, विश्वास आणि पुढे काय होईल याची उत्सुकता अधिक होती. धक्का बसलेला माणूस आधार तपासायला थांबत नाही, हे ग्राइस यांच्या भाषेत सत्यतेच्या नियमाचे उल्लंघन असले तरी त्यामागे डाव असतोच असे नाही.

संबद्धतेचा नियम या ठिकाणी कदाचित सर्वांत जास्त वेळा मोडलेला दिसतो, आणि त्याच्या कारणांत थोडे खोल जायला हवे. पहिले कारण अगदी साधे आहे: उत्तर देणाऱ्याने बातमी वाचलेलीच नसते. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील इनरिया या संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ट्विटरवर पुढे पाठवल्या गेलेल्या बातम्यांच्या दुव्यांपैकी सुमारे ५९ टक्के दुवे कोणी एकदाही उघडले नसल्याचे दिसले. त्याच्या आधी, १ एप्रिल २०१४ रोजी, अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने लोकांची हीच सवय हेरून एक गंमत केली होती. अमेरिका आता वाचत का नाही, असा मथळा देऊन त्यांनी फेसबुकवर एक दुवा टाकला. दुवा उघडणाऱ्याला आत लेख मिळत नव्हता, तर वाचल्याबद्दल अभिनंदन आणि 'कृपया यावर काही लिहू नका' अशी विनंती मिळत होती. खाली मात्र वाचन का कमी झाले यावर मते येतच राहिली. तिथे गप्प राहणाऱ्यांनी सहकार्य केले होते आणि बोलणाऱ्यांनी नियम मोडला होता. अशी उलटापालट रोजच्या संवादात सहसा पाहायला मिळत नाही.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. 'रुग्णालयाचे काय?' असे विचारणाऱ्याने बातमी वाचलेली असू शकते. त्याला पुलाविषयी बोलायचेच नाही. पुलाला पैसा आहे, मग रुग्णालयाला का नाही, असा अर्थ त्याला सूचित करायचा आहे, आणि विषय सोडल्याचे लोकांना दिसावे हीच त्याची युक्ती आहे. हे उघड उल्लंघन झाले, त्यातून निघणारा अर्थ रास्तही असू शकतो. पण हाच साचा प्रत्येक बातमीखाली वापरला गेला, कोणत्याही वाईट गोष्टीवर 'आणि त्या दुसऱ्या गोष्टीचे काय?' एवढेच विचारले गेले, की त्यातला अर्थ झिजतो आणि उरते ते फक्त मूळ प्रश्नाला दिलेली बगल. एकच वाक्य पहिल्या वेळी युक्तिवाद असते आणि शंभराव्या वेळी पळवाट असते. नियमांच्या तक्त्यात दोन्हींची नोंद एकाच रकान्यात होते. या तक्त्याची मर्यादा मला इथे स्पष्ट दिसते.

तिसरे कारण मला मूळ कारण वाटते. बातमीखाली उत्तर लिहिणारा माणूस बातमी देणाऱ्याशी बोलतच नसतो. त्याचा श्रोता वेगळा असतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी बोलणारा आणि ऐकणारा ही जोडी फार ढोबळ असल्याचे दाखवले होते. ऐकणाऱ्यांत ज्याला उद्देशून बोलले जाते तो असतो, संवादात सामील पण त्या क्षणी उद्देशलेले नसलेले लोक असतात, आणि बाहेरून कानावर पडते म्हणून ऐकणारेही असतात. बातमीच्या बाबतीत ही उतरंड पार विस्कटते. उत्तराची रचना वृत्तमाध्यमाला उद्देशून केलेली असते, व्याकरणाने ते त्यालाच दिलेले उत्तर असते, पण ते माध्यम उत्तर वाचत असेल अशी लिहिणाऱ्याचीही अपेक्षा नसते. खरे श्रोते असतात आजूबाजूचे वाचक: आपल्या मताचे, विरुद्ध मताचे आणि नुसतेच पाहत जाणारे. ॲलिस मारविक आणि डॅना बॉइड या अभ्यासकांनी २०११ मध्ये ट्विटरविषयी लिहिताना दाखवले की एरवी वेगवेगळ्या ठिकाणी भेटणारे श्रोते, म्हणजे घरचे, कामावरचे, मित्र आणि अनोळखी, इथे एकाच जागी गोळा होतात आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात एक श्रोता कल्पून लिहावे लागते.

हे लक्षात घेतले की सहकार्य तत्त्वाचा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. 'चाललेल्या बोलण्याला गरज आहे तशी भर' असे ग्राइस म्हणतात, पण चाललेले बोलणे कोणते? पुलाच्या माहितीची देवाणघेवाण हेच ते बोलणे मानले, तर सहापैकी एकही उत्तर त्यात बसत नाही. पण कारभारावर रागावलेल्या लोकांची आपसातली चर्चा हे ते बोलणे मानले, तर पहिले आणि दुसरे उत्तर सहज बसते, आणि तिसऱ्याचा हसरा चेहरासुद्धा 'मीही तुमच्यातलाच' एवढे सांगण्यास पुरेसा ठरतो. बाहेरच्याला जे विषयांतर वाटते ते आतल्यांसाठी विषयाला धरूनच असते. चौथे उत्तर मात्र कोणत्याही चर्चेत ठेवले तरी निराधारच राहते. म्हणून माझ्या मते श्रोता बदलला की संबद्धता, प्रमाण आणि रीती यांचे माप बदलते, सत्यतेचे बदलत नाही.

नियम सगळीकडे सारखे नसतात हा आक्षेप ग्राइस यांच्यावर फार लवकर घेतला गेला होता. भाषेच्या अभ्यासक एलिनॉर ओक्स कीनन यांनी १९७६ मध्ये मादागास्करमधील मलागासी भाषकांच्या अभ्यासावरून दाखवले की तिथे विचारलेली माहिती पूर्ण न देणे हे पुष्कळदा नेहमीचे वागणे असते, आणि ऐकणारा त्यातून 'हा काही तरी लपवतो आहे' असा अर्थ काढत नाही. समाजमाध्यमांवरील गटांनाही हा मुद्दा लागू पडतो. जिथे प्रत्येक बातमीखाली कोट्या करायच्या असा प्रघात पडलेला आहे, तिथे गंभीर आणि माहितीपूर्ण उत्तर देणाराच प्रघाताबाहेर पडतो.

प्रमाणाच्या नियमाविषयी फार लिहायला नको. ट्विटरवर सुरुवातीला १४० अक्षरांची मर्यादा होती, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये २८० झाली. फेसबुकने फेब्रुवारी २०१६ मध्ये राग, हसू, दुःख यांची बटणे दिली. साधनच जेव्हा कमी सांगायला लावते किंवा एका बोटात उत्तर देण्याची सोय करते, तेव्हा कमी सांगण्याचा दोष सगळाच माणसाच्या माथी मारता येत नाही. अपघाताच्या बातमीखाली हसणारा चेहरा टाकणे मात्र याला अपवाद आहे, कारण तिथे योग्य बटणही शेजारीच असते. उलट टोकाला एकच लांबलचक मजकूर पंचवीस बातम्यांखाली जसाच्या तसा चिकटवणारे असतात, त्यांचे उल्लंघन प्रमाणाचे कमी आणि संबद्धतेचे जास्त असते. रीतीचा नियम मोडणारी उत्तरे, म्हणजे अर्धवट वाक्ये, अगम्य संक्षेप, कोणाविषयी आहे ते न कळणारी सर्वनामे, त्रास देतात, पण त्यांतून फारसे काही बिघडत नाही.

शिव्या आणि अपमान यांचे काय? चारही नियमांत त्यांना जागा नाही, हे वाचून आश्चर्य वाटेल. नम्रतेसारखे आणखीही नियम संवादात असतात हे ग्राइस यांनी मान्य केले होते, पण अर्थ कसा निघतो या प्रश्नासाठी त्यांनी ते बाजूला ठेवले. पुढे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९८३ मध्ये नम्रतेचे स्वतंत्र तत्त्व मांडले आणि दाखवले की रोजच्या बोलण्यात आपण समोरच्याचा मान राखण्यासाठी प्रमाण आणि सत्यता यांना थोडी मुरड घालतो. बातम्यांखाली याच्या उलट व्यवहार चालतो: 'मी स्पष्ट बोलतो' असे म्हणत सत्यतेच्या नावाखाली नम्रता सोडली जाते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये यामागची कारणे मांडली होती. ओळख लपलेली असणे, समोरचा न दिसणे, त्याची प्रतिक्रिया लगेच अंगावर न येणे यांमुळे माणसाचा एरवीचा संकोच सुटतो. याच मोकळेपणाने अनोळखी लोक एकमेकांना मदतही करतात, हेही सुलर यांनी नोंदवले होते, पण उल्लेख होतो तो बहुधा फक्त वाईट बाजूचा.

या अपमानांचा परिणाम ज्याला उद्देशून ते लिहिले त्याच्यापुरता राहत नाही. नॅनोतंत्रज्ञानावरील एकच मजकूर, पण खाली कधी सभ्य आणि कधी असभ्य प्रतिक्रिया जोडून, अमेरिकेतील संशोधकांनी लोकांना वाचायला दिला होता. असभ्य प्रतिक्रिया वाचलेल्या गटात त्या तंत्रज्ञानाच्या धोक्याविषयीची मते अधिक टोकाची झाली, म्हणजे ज्यांचा कल आधीच ज्या बाजूला होता ते त्या बाजूला आणखी सरकले. 'पॉप्युलर सायन्स' या मासिकाने सप्टेंबर २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावरील प्रतिक्रिया बंद करताना याच संशोधनाचा हवाला दिला होता. उत्तरांचा खरा श्रोता शेजारचा वाचक असतो, याचा हा अप्रत्यक्ष पुरावाच म्हणायचा.

उपाय म्हणून जे काही केले गेले, त्यातले दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या एनआरकेबीटा या तंत्रज्ञानविषयक विभागाने २०१७ मध्ये प्रतिक्रिया लिहू पाहणाऱ्याला आधी लेखावरील तीन सोप्या प्रश्नांची अचूक उत्तरे निवडायला लावली. सर्वांनी लेखात काय म्हटले आहे एवढे तरी एकमताने धरून चालावे, आणि प्रश्न सोडवताना जाणाऱ्या काही सेकंदांत डोके थोडे शांत व्हावे, असे दोन हेतू त्यामागे होते. ट्विटरने २०२० मध्ये न उघडलेला दुवा पुढे पाठवणाऱ्याला 'आधी वाचायचे आहे का?' असे विचारायला सुरुवात केली आणि त्यानंतर लोक दुवे ४० टक्के अधिक वेळा उघडू लागल्याचे जाहीर केले.

दोन्ही प्रयोग न वाचता बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचतात, म्हणजे संबद्धतेच्या पहिल्या कारणापर्यंत. ज्याने लेख नीट वाचला आहे, तिन्ही प्रश्न सोडवले आहेत आणि तरीही आपल्या गटाच्या टाळ्यांसाठी विषय सोडून लिहायचे ठरवले आहे, त्याला अशी चाचणी अडवू शकत नाही. सोप्या प्रश्नांनी वाचन तपासता येते, उत्तर कोणाला उद्देशून लिहिले आहे ते तपासता येत नाही.